बोडीवरचा अर्धचंद्र

“बोडी म्हंजे तलाव, गुरुजी. लहानसा. धानाच्या रोवण्याच्या पाण्यासाठी वावरात बांधतेत तो,” भैयाजी म्हणाला. “आता आठवून सांगा, जागेश्वर तुमाले काय म्हनला होता?”

शेडगे गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

गुरुजी मूळचे साताऱ्याकडचे. आंबागडच्या शाळेवर मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात गावाजवळच्या जंगलात एका किराणा दुकानदाराचं आणि त्याच्या लहानग्या नातीचं प्रेत सापडलं. त्या सकाळी, प्रेतांचा कोणालाच पत्ता नसताना, गावातला जागेश्वर शाळेवरून चालला होता. नव्या गावात ओळखी वाढवाव्यात म्हणून गुरुजींनी विचारलं, कुठून येताय. तो म्हणाला, बोडी पाहून आलो. गुरुजींना ऐकू आलं, बॉडी पाहून आलो. जे ऐकलं ते त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. दुकानदाराशी जागेश्वरचं भांडण झालेलं होतंच. सरकारने दिलेला वकील प्रत्येक तारखेला हजर राहिला, एवढं त्याचं कौतुक करता येईल. जागेश्वरला फाशीची शिक्षा झाली.

भैयाजी हा एका नागपुरी दैनिकाचा तुमसरचा प्रतिनिधी. जन्मला तो बोडीच्या पाळीवर, पण कोर्टात बॉडी आली म्हणून त्यानेही बॉडीच छापली. मथळ्यात चांगली बसत होती. मागच्या बाजारात जागेश्वरची आई मंदाबाई त्याला भेटली आणि म्हणाली, “बाबू, माह्या पोरगा बोडी पाहाले गेलता गा, फक्त बोडी.” तेव्हा कुठे भैयाजीच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

सोमवारी हायकोर्टात सुनावणी होती. फाशी कायम करायची की नाही, ते तिथे ठरणार होतं. जागेश्वरच्या नव्या वकील तृप्ती मॅडमनी फोनवर बजावलं होतं की गुरुजींना घेऊन या, शपथपत्र करू, आणि तोवर एक अक्षर छापू नका.

“माझ्या कानाची चूक असेल तर मी कोर्टात सांगतो,” अखेर गुरुजी म्हणाले. “पण आधी पेपरात नको. निवृत्ती तोंडावर आलीय. लोक म्हणतील, मास्तरानं खोटं बोलून माणूस फासावर चढवला.”

“माह्या मायची शपथ, गुरुजी.”

भैयाजीची माय वारून बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे ही शपथ तो मोकळ्या मनाने घेत असे.

शनिवारी मात्र त्याला चैन पडेना. इतकी वर्षं त्याने वाढदिवस छापले, धान खरेदी केंद्रांची उद्घाटनं छापली. पहिल्या पानावर त्याचं नाव कधी आलं नव्हतं. त्यातून दुसऱ्या पेपरच्या प्रतिनिधीला या भानगडीचा वास लागल्याचं कळलं. तो वास भैयाजीनेच, कोणाले सांगू नको म्हणून, चहा पिता पिता दिला होता. बातमी फुटण्यापेक्षा आपणच दिलेली बरी, असा विचार करून त्याने ती दुपारीच नागपूरला पाठवली.

रविवारी ती पहिल्या पानावर होती. वर भैयाजीचं नाव होतं.

नागपूरचा डेस्क शुद्धलेखनाला फार कडक. बोडी असा काही शब्द नसतो, हे तिथल्या कोणा विद्वानाने ताडलं आणि जिथे जिथे बोडी होती तिथली मात्रा उतरवून अर्धचंद्र चढवला. छापून आलं ते असं: ‘जागेश्वर “बॉडी” म्हणाला होता, “बॉडी” नव्हे. बॉडी आणि बॉडी यांतला फरक न कळल्याने एका निरपराध माणसाला फाशी झाली आहे.’ मथळा होता, ‘मुख्याध्यापकाच्या खोट्या साक्षीने फाशी?’ प्रश्नचिन्ह सावधगिरी म्हणून.

भैयाजीने डेस्कला फोन लावला. तिकडून थंडपणे सांगण्यात आलं की जागा उरली तर उद्या खुलासा टाकू.

गुरुजींनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. सकाळपासून साताऱ्याचे फोन चालू होते. शिक्षण खात्यातूनही एक येऊन गेला होता.

“तुम्ही शपथ घेतली होतीत.”

“गुरुजी, मी बरोबर लिवलं होतं. डेस्कवाल्यानं...”

“डेस्कला मी ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखत होतो.” गुरुजींच्या हातात अंक होता. “आणि हे बघा. तुमच्याच पेपरात बॉडी आहे. मग मी चुकीचं काय ऐकलं? मी सांगितलं तेच खरं. उद्या मी कुठेही येत नाही.”

त्यांनी दार आवाज न करता लावलं. तृप्ती मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की उद्या तुम्हीही येऊ नका.

आता मंदाबाईला सांगणं भाग होतं. तो तिच्या घरी पोचला तेव्हा ती ओसरीवर वाटच पाहत होती. पेपरात पोराचं नाव आहे हे तिला कळलं होतं. गावात ज्याला वाचायला सांगावं तो थोडं वाचून हसायचा नाही तर अंक परत द्यायचा. तिला अक्षर येत नव्हतं.

“वाच बाबू. तूच वाच.”

भैयाजी खाली बसला. मथळा त्याने गाळला. मग एकेक शब्द सावकाश वाचत गेला. “जागेश्वर बोडी म्हणाला होता, बॉडी नव्हे. बोडी आणि बॉडी यांतला फरक न कळल्याने एका निरपराध माणसाला...”

“हेच तं मी साऱ्याइले सांगून राहिली होती,” मंदाबाई म्हणाली. “कोनी आयकेच ना.” मग तिने विचारलं, “गुरुजी उद्या सांगन ना मंग कोर्टात?”

भैयाजी अंकाचे दुमडलेले कोपरे सरळ करत राहिला.

मंदाबाईने शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि खांबाशी बसवलं. दोरीवरचं धुतलेलं लुगडं उतरवलं आणि नागपूरला नेसायचं म्हणून काठ जुळवून त्याची घडी घालायला घेतली.

“हं,” ती म्हणाली. “आता पयलेपासून वाच. हिले आयकू दे.”

भैयाजीने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.