काठाखालची काजळी

संग्रहालयाच्या टेबलावर तिनं पातेलं पिशवीतून बाहेर काढलं. ते लखलखत होतं.

काल संध्याकाळपर्यंत ते काळंठिक्कर होतं. ती कामाला होती त्या संग्रहालयात कोळसा, तेल आणि वायूंचं प्रदर्शन लागायचं होतं. त्यातल्या जुन्या स्वयंपाकघरासाठी तिनंच हौसेनं सांगितलं होतं, आमच्या माळ्यावर कोळशाच्या शेगडीवरचं पातेलं आहे, काजळीसकट. सासरे बॉयलरवर कामाला होते. अर्धवट जळलेला दगडी कोळसा घरी यायचा, त्यावर अख्ख्या घराचं पाणी तापायचं. घरात गॅस आला तेव्हा पातेलं होतं तसंच वर गेलं. काल सासूबाईंनी ते उतरवलं, पिशवीत घालून दारापाशी ठेवलं. रात्रभर लेक खोकत होती. सकाळी तिनं पिशवी उचलली ती आत न बघताच.

“काजळी कुठंय?” प्रदर्शनाच्या प्रमुख बाईंनी विचारलं. पाठीमागे सगळे त्यांना टाचणी म्हणत. “चकचकीत पातेली दुकानात मिळतात हो.”

तिनं जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

“आई, पातेलं घासलंत?”

“मग? चार लोक बघणार. माझ्या घरचं भांडं तसंच जाईल होय? मनगट भरून आलंय माझं.”

“काळंच हवं होतं, आई.”

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग, “त्यासाठी संग्रहालय कशाला लागतं? उकिरड्यावर जा म्हणावं, हवं तेवढं काळं मिळेल.”

तिनं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. सासूबाईंना दुखवायची ही वेळ नव्हती. नणंद त्यांना कधीची आपल्याकडे बोलावत होती, आणि त्यांची बॅग आठवडाभर पलंगाखाली अर्धी भरून पडली होती. पाळणाघरवाली लेकीचा खोकला ऐकला की दारातूनच परत पाठवायची. सासूबाई गेल्या की ही नोकरीही गेली, हे तिला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं. दोघींनी तो विषय कधी काढला नव्हता.

ती परत आली तेव्हा टाचणी पातेलं तिरकं धरून उभी होती. बाहेर वळलेल्या काठाखाली आणि धरायच्या एका कानाच्या खिळ्यांभोवती काजळी घट्ट बसली होती, दगडासारखी. घासणी तिथं पोचलीच नव्हती.

“सापडली. ही बाजू पुढं करा. आणि वरचा दिवा नेमका हिच्यावर सोडा.”

“मागं ठेवली तर? नुसती कल्पना येईल अशी.”

“मग पुढं लोकांनी काय बघायचं, स्वतःचं तोंड?”

तिनं शिडीवर चढून स्वतःच्या हातानं दिवा वळवला. उतरल्यावर तिनं घड्याळ पाहिलं. दुपारचं जेवण राहूनच गेलं होतं.

उद्घाटनाला सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या. कडेवर लेक, सोबत खालच्या मजल्यावरच्या काकू. घासलेलं भांडं दाखवायलाच त्यांना आणलं होतं, हे उघड होतं. तेलविहीर खोदायच्या बोअरिंग यंत्रापुढून, प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या ढिगापुढून त्या तरातरा पुढं गेल्या आणि काचेपाशी थांबल्या.

आत पातेलं होतं. दिव्याचा सगळा उजेड त्या एवढ्याशा काळ्यावर.

काकू वाकल्या. “अगंबाई, काठाखाली राहिलंय वाटतं थोडं.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. ती दोन पावलांवर उभी होती. आता घरी गेल्या की आधी बॅग ओढणार. पाळणाघरवालीचे हातपाय धरायचे, की सरळ राजीनामा द्यायचा? दोन्हीचं तिला सारखंच ओझं वाटलं.

“आजी, काळं,” लेक काचेवर बोट ठेवून म्हणाली.

“दिसतंय गं मला.” सासूबाईंनी बोट बाजूला केलं. मग सुनेकडे न बघता विचारलं, “किती दिवस असं राहणार हे?”

“तीन महिने.”

“आणि मग घरी कोण आणणार?”

“मीच.”

“आणशील आणि तसंच माळ्यावर टाकशील. तुला कुठं वेळ असतो.” त्या काकूंकडे वळल्या. “लेकीला कळवते, आत्ता तुझ्याकडे यायला काही जमत नाही म्हणून. माझं भांडं असं चारचौघांत टाकून जाऊ कुठं? एकदा हातात येऊ दे, जुना दातांचा ब्रश घेऊनच बसते.”

लेक पुन्हा खोकली. तिनं सासूबाईंच्या कडेवरून तिला स्वतःकडे घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला. गरम नव्हतं. पाठ आपोआप काचेला टेकली.

“टेकू नका, बाई,” रखवालदार म्हणाला.

“इथंच कामाला आहे मी.”

“तरी टेकू नका.”