वादळाने मारलेल्या गाठी

मंगळवारी सकाळी नुआला गेरटीने स्वयंपाकघराचा पडदा बाजूला केला आणि किटलीत पाणी भरायचं विसरून ती तशीच उभी राहिली. मागच्या अंगणात काल संध्याकाळपर्यंत कपडे वाळत घालायचे दोन खांब होते आणि बाकी नुसतं गवत होतं. आज तिथे एक ट्रॅम्पोलिन उभं होतं. चांगलं मोठं, गोल, हिरव्या काठाचं, भोवती उंच जाळी असलेलं.

"देवा रे, आता हे काय?" ती खिडकीला म्हणाली.

रात्रभर वादळ झालं होतं. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोच्या या किनाऱ्यावर वादळाचं कुणाला कौतुक नाही. हल्ली वादळांना माणसांची नावं देतात, आणि कालच्या वादळाचं नाव नेमकं नुआलाच्या दिवंगत नवऱ्याच्या चुलतभावाचं होतं. तोही असाच न सांगता यायचा आणि काहीतरी मोडून जायचा. वादळात ट्रॅम्पोलिनं उडतात, हेही नवीन नाही. दर हिवाळ्यात एखादं तरी कुणाच्या छपरावर नाहीतर ओढ्यात सापडतं. पण सापडतं ते उताणं पडलेलं, पाय वाकलेलं, जाळीच्या चिंध्या झालेलं. हे महाशय मात्र सहाही पायांवर ताठ उभे होते, आणि तेही अंगणाच्या अगदी मधोमध.

नुआलाच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हे शनिवारपर्यंत इथे राहील का? कुणाचं असेल, हा प्रश्न त्यानंतर आला. असा उलटा क्रम लागल्याची तिला लाज वाटली, पण लाजेने काही क्रम बदलला नाही.

कारण शनिवारी तिचा मुलगा फर्गल लीड्सहून येणार होता. बायको हॅरिएट आणि दोन्ही मुलं, आठ वर्षांची मेव्ह आणि पाच वर्षांचा नेड, सगळे. शाळेला आठवड्याची सुट्टी होती. हॅरिएट फोनवर म्हणाली होती, "दोन रात्री तर नक्की राहू, नुआला. पुढचं मुलं काय म्हणतात त्यावर बघू. गॉलवेला एक हॉटेल आहे, तिथे पोहायचा तलाव आहे." मागच्या खेपेला मेव्हने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "आजीकडे करण्यासारखं काहीच नाही." पोरीने खोटं काही सांगितलं नव्हतं, म्हणूनच ते नुआलाला फार लागलं होतं. यंदाही तिसऱ्या दिवशी बॅगा गाडीत गेल्या, तर पुढच्या वर्षी ते येतीलच कशाला?

तरी माणूस प्रामाणिक असतं. चहा झाल्यावर तिने पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या पंचक्रोशीच्या, व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, "माझ्याकडे एक ट्रॅम्पोलिन आलं आहे. ज्याचं असेल त्याने शनिवारनंतर न्यावं." मग 'शनिवारनंतर' खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मग पुन्हा खोडलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

तासाभरात गटावर नुसता गोंधळ माजला. एकीचं गेलं होतं, पण ते निळं होतं. एकाचं सापडलं होतं, पण ते त्याचं नव्हतं. शाळेच्या बाईंनी त्यांचं ट्रॅम्पोलिन चर्चच्या भिंतीवर अडकल्याचा फोटो टाकला. त्यावर कुणीतरी विचारलं, की फादरना उड्या मारायच्या असतील तर आधी सांगायला नको का? हिरव्या काठाच्या ट्रॅम्पोलिनवर मात्र कुणीच हक्क सांगेना. नुआलाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. अख्ख्या पॅरिशमध्ये कुणाचंच नाही, मग हे आलं कुठून? समुद्रापलीकडून?

शेवटी गमबूट चढवून ती बाहेर गेली. जवळून पाहिलं आणि तिचं डोकंच चक्रावलं. ट्रॅम्पोलिनच्या सहाही पायांना निळी सुतळी बांधलेली होती, गवताचे भारे बांधतात ती, आणि सुतळीची दुसरी टोकं जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना. गाठी अशा पक्क्या, की तिची नखं दुखली पण एकही सुटली नाही. वारा काय वाटेल ते उचलून आणील. पण वारा खुंट्या ठोकतो? वारा गाठी मारतो?

निळी सुतळी म्हटलं की या भागात एकच नाव. मॅलकी सत्तरीचा, बिनलग्नाचा, नुआलाच्या कुंपणापलीकडे त्याची मेंढरं चरत. त्याचं फाटक सुतळीने बांधलेलं, कोटाची बटणं गेल्यापासून कोटही सुतळीने बांधलेला. तो ट्रॅक्टरवरून जात असताना तिने त्याला रस्त्यातच अडवलं.

"मॅलकी, माझ्या अंगणात ट्रॅम्पोलिन आहे."

"असं?" मॅलकी समोरच्या ढगाकडे बघत म्हणाला. "वादळ मोठं होतं हो."

"बांधलेलं आहे."

"मग बरंच झालं. नाहीतर उडून गेलं असतं."

"तुझ्या सुतळीने बांधलंय!"

"सुतळीवर काय नाव असतं का, नुआलाबाई? दुकानात अशी डझनावारी मिळते." त्याने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "पोरं शनिवारी येणार ना? आधी नीट पुसून घ्या ते. ओल्यावर पाय घसरतो."

"पोरं शनिवारी येणार, हे तुला कुणी सांगितलं?"

"पाऊस येईलसं दिसतंय," मॅलकी म्हणाला आणि त्याने पाय काढता घेतला, म्हणजे ट्रॅक्टर काढता घेतला, तेही उलट्या दिशेने, जिकडे त्याचं काहीच काम नव्हतं.

नुआला बुचकळ्यात पडून तिथेच उभी राहिली. शनिवारचं तिने एकाच व्यक्तीला सांगितलं होतं. शेजारच्या डिंप्नाला.

डिंप्ना मोरान आणि नुआला तीस वर्षांच्या शेजारणी. डिंप्नाकडेही ट्रॅम्पोलिन होतं, पण ते तिच्या घरामागे, शेडच्या पलीकडे, रस्त्यावरून काय, नुआलाच्या अंगणातूनही न दिसणारं. तिच्या नातवंडांसाठी घेतलेलं. जानेवारीत तिचा मुलगा काहल बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला गेला, पर्थला. "दोन वर्षांसाठीच," असं विमानतळावर सगळेच म्हणतात, तसं तोही म्हणाला. डिंप्ना अजून दर शनिवारी त्या ट्रॅम्पोलिनवरची पानं झाडायची. ते तिथून हलवणं म्हणजे काय, हे दोघींनाही कळत होतं, म्हणून त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त एकदा, जूनमध्ये, डिंप्ना अचानक म्हणाली होती, "तू घेऊन जा ना ते, तुझ्या मेव्हला होईल."

"छे छे, तुझी पोरं यायची ना," नुआला म्हणाली.

"घे गं."

"नको गं, राहू दे."

इथे तिसऱ्यांदा विचारायचं असतं. हे काही शिकवावं लागत नाही. चहा असो, केक असो, कुणाच्या गाडीतून घरी सोडणं असो, पहिल्या दोन 'नको' नुसत्या तोंडदेखल्या असतात, खरं उत्तर तिसऱ्याला. पण डिंप्नाने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मग पावाचा विषय निघाला. तिला सुटल्यासारखं वाटलं की ती दुखावली, हे नुआलाला आजवर उलगडलं नव्हतं.

आता डिंप्नाने दार उघडलं ते हात पुसत. "ये, ये. चहा घेशील?"

"नको, आत्ताच झाला."

"अर्धा कप?"

"नको गं, बसायचं नाहीये मला."

"घे की, केलेलाच आहे."

"बरं, घोटभर," नुआला बसली. मग तिने सगळं सांगितलं. जाळी, खुंट्या, सुतळी, मॅलकीचा ढग. डिंप्ना ऐकत राहिली आणि चहा ढवळत राहिली. ती चहात साखर घालत नाही.

"कुणाचं असेल गं?" नुआलाने विचारलं.

"कुणाचं का असेना. कुणी मागायला आलं का?"

"नाही."

"मग ठेव."

"तुमचं... तुमचं ठीक आहे ना? वादळात?"

"आमचं? आमचं आहे मागे. त्याला काय होतंय?" डिंप्ना झटकन उठली. "थांब, हा ब्रॅक बघ कसा झालाय. हॅलोवीनचा आहे, रिवाजाप्रमाणे आत अंगठी घातलीय. दात सांभाळ."

नुआलाने मनुकांच्या त्या पावाचे दोन तुकडे खाल्ले. अंगठी लागली नाही. हात धुवायला म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि तिथल्या लहान खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. शेडच्या पलीकडे काही नव्हतं. हिरव्या गवतात एक मोठं, फिकट पिवळं वर्तुळ होतं, आणि त्यात ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन ओल्या खुणा.

तिला रडू आलं. पण आता काय करावं, ते काही कळेना. आभार मानावेत? मानले, तर डिंप्नाला तोंडाने म्हणावं लागणार, की हो, मी ते काढून टाकलं, माझी येणार नाहीत. परत द्यावं? मग जे एकदा मोठ्या कष्टाने काढलं, ते पुन्हा तिच्या खिडकीसमोर नेऊन ठेवायचं? ती नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डिंप्नाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिने डिंप्नाकडे.

"ब्रॅक छान झालाय," नुआला म्हणाली.

"जरा कोरडा झालाय," डिंप्ना म्हणाली.

शनिवारी दुपारी गाडी आली. मेव्हने बॅग दारातच टाकली, मागे धावली आणि तिथून तिची अशी किंकाळी आली, की फर्गल घाबरून पळत सुटला. मग संध्याकाळ होईपर्यंत दोन्ही पोरं जमिनीवर उतरलीच नाहीत. फर्गलने दोनदा विचारलं, "आई, हे घेतलंस कधी?" आणि दोन्ही वेळा नुआला म्हणाली, "आलं वादळात." त्याने हॅरिएटकडे बघून भुवया उंचावल्या. आई म्हातारी झाली, असं त्याला वाटलं असणार.

रविवारी चर्चहून आल्यावर डिंप्ना कुंपणापाशी रेंगाळताना दिसली. नुआलाने मेव्हला हळूच सांगितलं, "जा, डिंप्नाआजीला उड्या मारायला बोलव."

मेव्ह गेली आणि आली. "त्या नाही म्हणाल्या."

"पुन्हा विचार."

मेव्ह पुन्हा गेली, पुन्हा आली. "पुन्हा नाहीच म्हणाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या."

"अगं, मग परत जा!"

"पण त्यांनी नाही म्हटलंय, आजी," मेव्ह वैतागून म्हणाली. तिला लीड्सच्या शाळेत शिकवलं होतं, की नाही म्हणजे नाही.

"दोनदाच म्हटलंय," नुआला म्हणाली.

मेव्हला काही समजलं नाही, पण ती गेली. आणि काय सांगावं, डिंप्ना मोरान फाटक उघडून आत आली, बूट काढून गवतावर नीट ठेवले, आणि मोज्यांनिशी, जाळीला धरून धरून, त्या हिरव्या काठावर चढली. मधोमध जाऊन ती नुसती उभी राहिली. मेव्ह आणि नेड तिच्या दोन बाजूंनी उड्या मारू लागले, तशी ती आपोआप खालीवर व्हायला लागली. आधी हसत होती. मग तिने चेहरा हातांनी झाकला. तरी ती उतरली नाही, आणि पोरं थांबली नाहीत.

हॅरिएट नुआलाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"नुआला," ती म्हणाली, "मागच्या ख्रिसमसला मी तुम्हाला आमच्याकडे या म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला आमच्याकडे आवडत नाही."

"आणि मला वाटलं, तू सुटलीस," नुआला म्हणाली. "एकदाच विचारलंस ना गं."

हॅरिएटने कपाळाला हात लावला. नऊ वर्षांचा संसार, आणि किती नकार तिने खरे धरले असतील, हे ती मनातल्या मनात मोजत असावी. मग ती घाईघाईने म्हणाली, "यंदा याल? याल का? याल?" तिन्ही एका दमात.

नुआलाला हसू फुटलं. किती वाट पाहिली होती तिने या तिसऱ्या प्रश्नाची. तिने ट्रॅम्पोलिनकडे पाहिलं. मागच्या ख्रिसमसला तिला एकटं बसू दिलं नव्हतं ते डिंप्नाने, त्या वेळी डिंप्नाचं घर नातवंडांनी भरलेलं असताना.

"यंदा तुम्हीच या इकडे," ती म्हणाली. "सगळे. इथे आम्ही दोघी आहोत."

"अहो, तुम्हाला किती त्रास होईल," हॅरिएट म्हणाली.

"या गं."

"खरंच? मग येऊ," हॅरिएट म्हणाली.

दुसऱ्यांदाच हो म्हणून मोकळी झाली. इंग्रजच ती, चालायचंच, असं म्हणून नुआला चहा टाकायला आत गेली.