निरोपाची बास्केट

लॉनी ट्रॅमेल मापुतोला परत आला तो बास्केटबॉल खेळायला नव्हे, एका माणसाचं नाक कापायला. करारात अर्थातच तसं लिहिलेलं नव्हतं. अलाबामाच्या या खेळाडूने मोसमभर बैरा शहराच्या संघाकडून खेळावं आणि त्याबदल्यात पगार, दोन खोल्या आणि घरी जायचं तिकीट घ्यावं, एवढंच तिथे होतं. पण बैराचा शेवटचा सामना मापुतोत, गोदी संघाच्या सभागृहात आहे हे पाहून तो आतल्या आत हसला होता.

दोन वर्षांपूर्वी तो याच गोदी संघाचा होता. त्याआधी फिनलंड, सायप्रस, उरुग्वे असं बारा गावचं पाणी पिऊन झालं होतं. अमेरिकेत ज्यांना मोठ्या संघात जागा मिळत नाही त्यांचं असंच असतं. सूटकेस कधी पुरती रिकामी होत नाही, आणि नाव चांगलं राहिलं तरच पुढचा फोन येतो.

तेव्हा तो मापुतोत उतरला आणि त्याच आठवड्यात गोदी संघाची बैराशी उपांत्य फेरी आली. संघ बैराला जाऊन पहिला सामना सात गुणांनी हरून आला होता. दोन्ही सामन्यांची बेरीज धरायची, म्हणजे घरी निदान आठने जिंकायला हवं. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा गोदी संघ सहाने पुढे होता, चेंडू लॉनीच्या हातात होता आणि समोर बास्केट मोकळी होती. त्याच्या देशात सामना जिंकल्यावर आणखी गुण करणं म्हणजे हरलेल्याच्या जखमेवर मीठ चोळणं. लॉनी आईच्या धाकात वाढलेला. त्याने चेंडू काखेत धरला आणि बैराच्या खेळाडूशी हसून हात मिळवला.

सभागृह पेटलं. संघाचा कप्तान झेफानियास कोस्सा, ज्याला सारं शहर लाडाने झेफा म्हणतं, मैदानाच्या मधोमध आला आणि हात वर करून ओरडला, "विकला गेलाय हा अमेरिकन."

झालं. हे असलं वाक्य माणसाच्या आधी विमानात बसतं. सायप्रसच्या क्लबने होकार मागे घेतला, लेबनॉनवाल्यांनी फोन उचलणं सोडलं. पुढचं वर्षभर लॉनी शाळांच्या हॉलमध्ये खेळला, जिथे प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त. शेवटी विचारलं ते बैराने. त्यांचं काय, त्यांचा फायदाच झाला होता.

बैरात त्याला इनासियो भेटला. हा पूर्वी गोदी संघात बाकावर बसायचा. एकदा सरावानंतर दोघे फुटपाथवर पावात भजी खात होते तेव्हा इनासियोने हळूच विचारलं, "लॉनी भाऊ, आता आपलेच आहोत, खरं सांग. तेव्हा किती मिळाले?"

"काय मिळणार, कपाळ? मला वाटलं आपण जिंकलो."

"म्हणजे? आठने जिंकायचंय हे माहीत नव्हतं तुला?"

"कोण सांगणार? तेव्हा तुमची भाषा येत होती का मला?"

इनासियोचा घास तोंडातच राहिला. "अरे, कोचनी आमच्यादेखत झेफाला सांगितलं होतं. तुला इंग्रजी येतं, याला नीट समजाव म्हणाले. मग तो तुझ्या कानाला लागला होता की."

लॉनीला ते कानाला लागणं लख्ख आठवलं. "मला म्हणाला, आईला अभिमान वाटेल असं खेळ."

"तुझ्यासाठी त्याला बाकावर बसवलं ना. डोक्यात राख घालून बसला होता तो," इनासियो म्हणाला.

त्या दिवसापासून लॉनीच्या मनात दुसरं काही शिरलं नाही. गोदीच्या सभागृहात झेफाच्या तोंडून खरं वदवायचं. नाहीच बोलला, तर त्याचा दिवस मातीत घालायचा. कारण मोसमाचा तो शेवटचा सामना झेफाच्या निरोपाचा होता. तिथली रीत अशी, की निवृत्त होणारा खेळाडू शेवटच्या मिनिटाला चेंडू घेऊन निघाला की दोन्ही संघ हात खाली करून बाजूला होतात. तो शेवटची बास्केट करतो, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, घरचे रडतात.

सामन्यात जीव नव्हता. गोदी संघ केव्हाच वीसने पुढे गेला होता. गोदीवाले लॉनीला मुलुंगू म्हणत. मुलुंगू म्हणजे गोरा, आणि आपल्याहून काळ्या माणसाला ही हाक मारण्यात त्यांना भारी मजा वाटे. "ए मुलुंगू, आज कितीला गेलास?" गॅलरीतून कुणीतरी विचारलं. लॉनीने वर पाहिलंही नाही.

शेवटच्या मिनिटाला झेफा चेंडू घेऊन निघाला. सगळे बाजूला झाले. पहिल्या रांगेत त्याची आई नवं लुगडं नेसून उभी राहिली. दुखरा गुडघा सांभाळत झेफाने उडी मारली, आणि मागून आलेल्या लॉनीने चेंडू असा थापटला की तो थेट गॅलरीत गेला.

लोक हसले. चुकून झालं असेल. पंचाने हसत चेंडू परत दिला. झेफा पुन्हा निघाला, लॉनीने पुन्हा थापटला. आता कुणी हसलं नाही.

"वेड लागलं का तुला?" इनासियोने त्याची जर्सी ओढली. लॉनीने त्याचा हात झटकला.

तिसऱ्यांदा झेफा त्याच्यासमोर थांबला. "बाजूला हो ना रे. आई बघतेय माझी."

"तेव्हा माझीही बघत होती. फोनवर."

झेफाचा चेहरा उतरला. त्याला कळलं. "काय पाहिजे तुला?"

"तू काय केलंस ते सांग सगळ्यांना."

"सांगतो. आधी एवढी बास्केट करू दे."

"आधी सांग."

झेफाने उडी मारली. लॉनीने चेंडू हवेतच दोन्ही हातांनी धरला आणि भोंगा वाजेपर्यंत सोडला नाही. त्याच्या छातीत गार गार वाटलं. दोन वर्षांत इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

मग भाषणासाठी झेफाच्या हातात माइक दिला. सभागृह लॉनीला शिव्या घालत होतं. झेफाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "त्याला काही बोलू नका," तो म्हणाला. "तो विकला गेला नव्हता. आठने जिंकायचंय हे त्याला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. जळत होतो त्याच्यावर. आणि वर मीच बोंब मारली." बोलता बोलता तो रडायला लागला.

लॉनीने गॅलरीकडे पाहिलं. आता पडणार याच्यावर चपला.

एका म्हातारीने टाळी वाजवली. मग रांगेने, मग सगळ्या सभागृहाने. "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस," लोक एकमेकांना म्हणत होते. "निरोपाच्या दिवशी कोण असं कबूल करतं?" पोरांनी झेफाला खांद्यावर घेतलं. खालून घोष सुरू झाला, मिठी, मिठी. झेफा खाली उतरला आणि हात पसरून लॉनीपाशी आला. लॉनीचं नाव स्वच्छ झालं होतं, आणि मिरवणूक मात्र झेफाची निघाली होती.

झेफा पुन्हा त्याच्या कानाला लागला. "फिटलं ना सगळं? हस जरा, फोटो काढतायत."

लॉनीने त्याच्या हातातला माइक घेतला. "नाही फिटलं," तो त्यांच्याच भाषेत, सावकाश म्हणाला. "मी याला माफ केलेलं नाही. करणारही नाही." आणि माइक खाली ठेवून तो चालू लागला.

सभागृह पुन्हा पेटलं. "केवढा खुनशी!" "काळीज आहे की दगड?" कुणाची तरी पाण्याची बाटली त्याच्या पाठीवर येऊन आदळली. लॉनीने पावलं वाढवली नाहीत. या वेळी शिव्या निदान त्याने खरोखर केलेल्या गोष्टीबद्दल होत्या, आणि त्यातली एकेक त्याने मान ताठ ठेवून ऐकून घेतली.