खाकी कागदाखालचं गाढव

मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि मला भयंकर राग आला आहे.

माझ्यात एका गाढवाची गोष्ट आहे. आपल्याकडे कुणीतरी बघावं म्हणून ते डोक्यात बादली घालतं, शेपटीला घंटा बांधतं, शेवटी अंगाला पिवळा रंग फासून भर रस्त्यात उभं राहतं. छापखान्यात मशीनवाल्याने माझं पहिलं पान पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. मुकादम त्याला झापायला आला आणि तोही पोट धरून हसला. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पुढे माझी रवानगी मुलांच्या वाचनालयात झाली. तिथल्या ग्रंथपालबाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. पुस्तकांना तळहातावरच्या फोडासारखं जपायच्या. मुलांचे हात चिकट, म्हणून आल्या आल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायच्या, कडा चापूनचोपून दुमडायच्या आणि वर काळ्या शाईने नुसता क्रमांक टाकायच्या. मी झालो दोनशे सोळा. ना नाव, ना गाढव, ना तो पिवळा रंग.

मुलं यायची आणि पुढे निघून जायची. एकाने मला बाहेर काढलं, "हे गणिताचं दिसतंय," म्हणाला आणि परत कोंबलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाच वर्षांत कुणी नेलं नाही ते पुस्तक रद्दीत, असा तिथला नियम. बाईंनी माझ्या मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. कोरी. "हल्लीच्या पोरांना वाचायलाच नको," असं शिपायाला म्हणत त्यांनी मला दाराजवळच्या गठ्ठ्यावर टाकलं. तोंड यांनीच बांधायचं आणि वर मुका म्हणून हाकलायचं!

त्या गठ्ठ्यावर, टेबलाशी उभ्या आजोबांची वाट बघत, एक मुलगी येऊन बसली. दिसेल ते सोलायची तिच्या नखांना खोड होती. तिने माझ्या कव्हराचा कोपरा कुरतडला, मग टर्रकन ओढला. "आजोबा, पिवळं गाढव," ती म्हणाली आणि तिथेच वाचत हसायला लागली.

बाई धावत आल्या. "अगं, कव्हर फाडलंस?"

"नाहीतर मला कसं कळणार आत गाढव आहे ते?"

बाईंनी मला हातात घेतलं आणि पान उलटून गाढव पाहिलं. मग मला टेबलावर नेऊन तारखेचा शिक्का मारला. सवयीने ड्रॉवरमधून खाकी कागदही काढला. मुलगी म्हणाली, "नको ना. परत दिसणार नाही ते." बाईंनी कागद आत ठेवला.

आता माझे कोपरे दुमडलेत, बादलीवर पेन्सिलीच्या रेघोट्या आहेत. मजेत आहे मी. पुस्तकं जपा, मित्रांनो, पण आधी उघडा.

तरी राग जात नाही. बाई शिक्का मारत होत्या तेवढ्यात रद्दीवाला उरलेला गठ्ठा घेऊन गेला. त्यात माझ्या शेजारचं दोनशे सतरा होतं. आम्ही इतकी वर्षं अंगाला अंग लावून उभे होतो, आणि त्याच्या आत काय होतं ते मलाही माहीत नाही.