जाळातली हिरवी रेघ

काटोल रोडला वस्ती संपते, त्याच्याही पुढे जितेंद्रच्या छोट्या कंपनीचं मैदान होतं. रॉकेटची इंजिनं तिथं जमिनीला जखडून पेटवून पाहत. वैभवीकडे हायस्पीड कॅमेरा होता. नुसत्या डोळ्याला जाळ दिसतो. कॅमेरा एका सेकंदाचे हजारो तुकडे करून दाखवतो.

मागच्या चाचणीत तिला जाळाच्या कडेला हिरवी रेघ दिसली होती, अगदी निमिषभर. इंजिनाची आतली भिंत तांब्याची. तांबं जळलं की ज्वाला हिरवी होते. इंजिन स्वतःलाच खात होतं.

तेव्हापासून ती जितेंद्रच्या मागे लागली होती. "सर, खोलून पाहू. नाहीतर कॅमेरा व्हॉल्व्हला जोडू द्या. हिरवं दिसलं की इंधन आपोआप बंद."

"अन् उगाच बंद पडलं तर? पैसे लावणारे पाहुणे पुण्याहून येऊन राहिले. प्रेशर बराबर आहे. तू काहून एका रेघेच्या मागं लागली वं?"

"प्रेशर बिघडेपर्यंत उशीर झालेला राहते, सर."

"पाहू नंतर."

हे 'नंतर' ऐकून तिचे कान किटले होते.

पाहुण्यांसमोर इंजिन पेटलं. वैभवीच्या पडद्यावर पुन्हा तीच रेघ आली, या खेपेला जाड.

"सर, बंद करा. हिरवं येऊन राहिलं."

जितेंद्रचा हात बंद करायच्या बटणावर होता, पण नजर प्रेशरच्या आकड्यावर. "थांब जरा."

आकडा घसरला तोवर इंजिनाच्या कुशीतून आगीचा दुसरा झोत फुटला होता. माणसं भिंतीआड होती म्हणून वाचली. इंजिन गेलं.

पाहुणे चहा न घेताच परतले. जितेंद्र पायरीवर बसला. "तू जरा जोर देऊन सांगायचं ना."

वैभवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग इतके दिवस मी काय करून राहिली होती, सर?"

तो उठून जळालेल्या इंजिनाकडे गेला.

नवं इंजिन उभं राहिलं, त्या सकाळी तिनं कॅमेरा पेटीबाहेर काढलाच नाही. "आधी व्हॉल्व्हची तार जोडा."

जितेंद्र धुसफुसला, पण तार जोडली. इंजिन पेटलं आणि लगेच आपोआप विझलं.

"म्हटलं होतं ना, उगाच बंद पडते," तो म्हणाला.

इंजिन खोललं. तांब्याच्या भिंतीवर नखाएवढा काळा चट्टा होता. तिथली थंडाव्याची नळी तुंबली होती.

"हं," जितेंद्र म्हणाला. "बरं झालं, वाचलं."

"पहिलंही वाचलं असतं," वैभवी म्हणाली आणि पाना उचलून नळी सोडवायला बसली.