अकरा नंबरचा फलक

कॉलेजच्या सभागृहात अकरा नंबरच्या फलकावर ओडेट सिअर एवढं नाव होतं आणि नावाखाली काहीच नव्हतं. बाकीच्या पंधरा फलकांवर आलेख, नकाशे, रंगीत फोटो; प्रत्येकापुढे इस्त्रीच्या कपड्यांतलं एकेक पोर आणि बाजूला फुललेले आईबाप. नॉर्मंड सिअर त्या कोऱ्या फलकापुढे कोट हातात धरून उभा होता. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीला चिकटलेल्या गावातून तो पाच तास गाडी चालवत आला होता. कागदाच्या गिरणीतली शनिवारची पाळी त्याने हातापाया पडून दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती.

दोन वर्षांपूर्वी लेकीला, ओडेटला, कॉलेजची 'सायन्स स्कॉलर्स' शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा घरी एक पत्रक आलं होतं: या शिष्यवृत्तीकडून काय अपेक्षा ठेवाल. बायकोने, लिझेटने, ते फ्रीजवर चिकटवलं आणि येताजाता वाचून नॉर्मंडला ते पाठ झालं. सोळा मुलं एकाच मजल्यावर राहतील. दर गुरुवारी सगळ्यांची बैठक. प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक. दुसऱ्या वर्षी स्वतःचं संशोधन, आणि एप्रिलमध्ये ते पालकांसमोर मांडायचं. पाद्रीबुवांनी चर्चमध्ये तिचं नाव वाचून दाखवलं होतं. गिरणीत पोरं त्याला "काय शास्त्रज्ञांचे तीर्थरूप!" म्हणून चिडवायची आणि तो आतून सुखावायचा.

"या विद्यार्थिनी कुठे आहेत?" छातीला बिल्ला लावलेल्या एका बाईंनी विचारलं.

"येतेय. आत्ता इथंच होती," तो म्हणाला.

सकाळपासून त्याने तिला सात वेळा फोन लावला होता. पंधरा दिवसांपूर्वीच ती बोलली होती, "सगळं छान आहे पपा, काम फार आहे, इतकंच." बाई कोऱ्या फलकाकडे बघून पुढे सरकल्या. नॉर्मंडची कानशिलं तापली होती.

शेजारच्या फलकाजवळची लाल केसांची मुलगी मघापासून त्याच्याकडे बघत होती. तिचं नाव रेन. ती हळूच जवळ आली.

"काका, तुम्ही ओडेटचे बाबा ना? ती यायची नाही."

"का? आजारी आहे?"

"दीड महिना झाला, गुरुवारी येत नाही. वर्गातही नसते. आम्ही दार वाजवतो, ती आतून 'झोपलेय' म्हणते. काल रात्री खोलीत नव्हतीच."

नॉर्मंडने कोट तिथेच टाकला आणि तो धावत सुटला. मैदानावरचा मळका बर्फ तुडवत आधी वसतिगृह, मग ग्रंथालय, मग पुन्हा वसतिगृह. कॉलेजच्या मागून नदी वाहत होती, बर्फ वितळून दुथडी भरलेली. पुलाच्या कठड्याला धरून तो खाली पाण्यात तिला शोधू लागला.

रेन मागून धापा टाकत आली. "काका, तळघर! कपडे धुवायची खोली! तिथे ऊब असते, ती कधीकधी बसते तिथे."

दोन ड्रायरच्या मधल्या फटीत ओडेट गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हनुवटी टोकदार झाली होती, केस तेलकट.

"पपा, तुम्ही कशाला आलात?"

जीव भांड्यात पडला तसा त्याचा राग उसळला. "कशाला म्हणजे? अख्ख्या गावाला सांगून आलोय मी! आणि तू इथे..."

तिने दोन्ही हातांनी कान झाकले. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. रेन दाराशी थोडी घुटमळली आणि निघून गेली.

मग ओडेट सांगू लागली. डॉक्टर इनमन तिचे मार्गदर्शक प्राध्यापक. त्यांनी तीन उन्हाळे तलावांतून जमवलेले पाण्याचे नमुने एका फ्रीजरमध्ये होते. फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिच्याकडून दार नीट लागलं नाही. सोमवारी सगळं वितळलेलं. "तीन वर्षांचं काम, पपा. मी दार लोटलं आणि पळाले. परत गेलेच नाही."

"ते काय म्हणाले?"

"मेल आल्यात. मी उघडल्या नाहीत."

"किती?"

"एकोणीस."

त्याने हात पुढे केला. तिने मान हलवली, मग फोन दिला. चष्मा कोटात राहिला होता. फोन लांब धरून तो अडखळत वाचू लागला. 'ओडेट, फ्रीजरचं कळलं. ये, बोलू.' 'ओडेट, असं माझ्याही हातून झालंय. ये.' 'तुझी काळजी वाटते.' 'जेवतेस ना?' ओडेट हुंदके देऊन रडू लागली. शेवटची मेल शिष्यवृत्तीच्या कार्यालयाकडून होती. बैठकांना गैरहजर, तीन विषयांत नापास होण्याच्या वाटेवर. शुक्रवारी पाचपर्यंत येऊन भेटली नाहीस तर तुझी जागा रद्द होईल.

आज शनिवार होता.

सभागृहात शिष्यवृत्तीच्या संचालिका हॅस्केलबाई पालकांना कॉफी देत होत्या. नॉर्मंड थेट त्यांच्यापुढे गेला. "बाई, एकच दिवस उशीर झालाय. एकच!"

"एक दिवस नाही हो, सहा आठवडे." बाईंचा आवाज कठोर नव्हता. "मी स्वतः तीनदा तिच्या दारात उभी राहिले. निर्णय समितीचा आहे, आता माझ्या हातात नाही."

फोरमनकडेही कधी तोंड न वेंगाडलेला नॉर्मंड सगळ्यांदेखत गुडघ्यांवर बसला. "मला शिक्षा करा तिच्याऐवजी. काहीही करा."

कॉफीचे कप हातात तसेच धरून पालक वळून बघू लागले.

"पपा, उठा," त्याच्यामागोमाग आलेली ओडेट म्हणाली. "उठा ना!"

गर्दीतून एक उंच, पोक काढलेला माणूस पुढे आला. ओडेट त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सर, नमुने माझ्यामुळे गेले."

"माहितेय," इनमन म्हणाले. "दोन दिवस मी खूप चिडलो होतो. मग तू दिसेनाशी झालीस आणि फ्रीजरचं डोक्यातूनच गेलं." त्यांनी नॉर्मंडला दंडाला धरून उठवलं.

जागा गेली ती गेलीच. इनमननी नंतर समितीला पत्र लिहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. त्या शनिवारी दुपारीच बापलेकींनी खोली रिकामी केली. वाटेत तिने दोनदा गाडी थांबवायला लावली आणि दोन्ही वेळा रस्त्याकडेला ओकली. नॉर्मंड तिची पाठ चोळत राहिला.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबुवांनी विचारलं, "काय म्हणतात आपल्या शास्त्रज्ञबाई?"

"घरी आलीय," नॉर्मंड म्हणाला. "शिष्यवृत्ती गेली. आजारी आहे. झोपू दिलंय तिला." लिझेटने त्याचा हात घट्ट धरला.

उन्हाळ्यात इनमनचा फोन आला, ओडेटने घेतला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ती फोन घेऊन परसात गेली आणि अर्ध्या तासाने आत आली. सप्टेंबरात तिने गावातल्या लहानशा कॉलेजात दोन विषय घेतले. परत शिष्यवृत्तीला अर्ज करणार का, हे नॉर्मंडने विचारलं नाही. काही दिवस ती वर्गाला जायची, काही दिवस अंथरुणातून उठायची नाही. अशा दिवशी तो पाळीवर जाण्याआधी तिचं दार वाजवायचा, आतून तिचा आवाज येईपर्यंत थांबायचा आणि मगच गाडी काढायचा.