चुन्याचा रणगाडा

आमच्या चाळीच्या चौकात एक रणगाडा तीन महिने उभा होता. नुसत्या चुन्याच्या रेघा, बालदीभर पाण्यात वाहून गेल्या असत्या. पण नळावर जाणाऱ्या बायकासुद्धा त्याच्या चिलखतावर पाय देत नसत, वळसा घालून जात. आत जायचं तर मागच्या दारानंच. तो वेडेपणा होता असं आजही कुणी म्हटलं तर माझं डोकं फिरतं.

तो बाबांनी काढला. बाबा म्हणजे कोंडीराम जॉबर, परळच्या एका गिरणीत साचे दुरुस्त करायचे. कापड विणायच्या मागाला गिरणीत साचाच म्हणतात. माझ्या भावाला, जयवंतला, त्यांनी खटपटी करून तिथेच बदली कामगार म्हणून चिकटवलं होतं. पठ्ठ्या कुणाला न विचारता लष्करात भरती झाला. आदल्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या सुटल्या होत्या आणि शेजारच्या कौसल्यामावशींचा गंगाधर घरी परतला नव्हता. त्याला खांदा बाबांनी दिला होता. "बंदूक धरणाऱ्याशी माझं बोलणं नाय," एवढं म्हणाले आणि खरंच बोलायचे थांबले. आईनं त्यांच्यापुढे पदर पसरला, पण ते ढिम्म हलले नाहीत. जयवंत तसाच गेला. आई त्या दिवसापासून निम्मी झाली.

त्याची पत्रं मी मोठ्यानं वाचायचे. रणगाडा चालवायला शिकतोय, असं त्यानं कळवलं, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शैले, विचार त्याला, पुढचं पोलाद किती जाड असतं." मी विचारलं. असलं पत्रातून लिहायचं नसतं, असं उत्तर आलं.

"मग आपणच बघू," बाबा म्हणाले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पोरांनी भिंतींवर घोषणा रंगवून उरलेला चुना आणि गेरू घेऊन रविवारी ते चौकात उतरले.

पुढचं पोलाद त्यांनी दीड वीत जाड धरलं आणि तिरपं काढलं. "आपल्या गावच्या कौलांसारखं. गोळा घरंगळून जाईल." दारूगोळ्याची कोठी मागे, वेगळी, मध्ये लोखंडी दार, कापसाच्या गोदामाला आग लागली की तसलंच दार माणसं वाचवतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गोळे पुढे पोचवायला साच्यातल्या धोट्यासारखी सरकती पेटी, भरलेली जाईल, रिकामी येईल. चालकाच्या पायाखाली निसटायचं झाकण, ते सगळ्यांत ऐसपैस. उंची जिन्याच्या भिंतीवर गेरूनं आखली. आत माणसं चार.

पलीकडच्या चाळीतले भिवाकाका महायुद्धात फौजेत होते. नुकतेच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्यांनी भिंतीवरची खूण बघितली आणि खो खो हसत सुटले.

"अरे कोंडीराम, एवढा उंच? कोसभरावरून दिसेल! माणसं उभी केलीस काय आत?"

"मग काय निजवू?"

"बसतात रे. रणगाड्यात बसून काम करतात."

बाबांचा हात थांबला. तीस वर्षं साच्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभा राहिलेला माणूस. कामावर कुणी बसतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "जयवंत बसतो?" त्यांनी विचारलं. कितीतरी महिन्यांनी ते नाव त्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी भिंतीवरची खूण हातभर खाली आणली आणि चालकाची बैठक आखली. आईनं तिथे पाट नेऊन ठेवला.

संध्याकाळी त्या पाटावर मी बसायचे. डोळे मिटले की रणगाडा हलायचा, अगदी हळू, पाळणा हलावा तसा. भोईवाड्याच्या देवळावरून जायचा, घंटा आपोआप वाजायची. वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील आमच्यासाठी बाजूला व्हायचे आणि आम्ही अलगद पाण्यात उतरायचो. दीड वीत पोलादाबाहेर समुद्र असायचा आणि आत कोरडं, उबदार घर. मला त्यातून बाहेर यावंसं वाटत नसे.

एक मात्र होतं. त्याला तोफ नव्हती. समितीचा रामदास रोज टोकायचा, "जॉबर, तोफेशिवाय रणगाडा म्हणजे बैलगाडी! फाटकाकडे तोंड करून काढा, पोलिसांची गाडी तिथनंच येते."

"त्याच फाटकातनं आपली पोरं शाळेतनं येतात."

उजवीकडे वळवावी तर कौसल्यामावशींचं दार. त्या एकदाच म्हणाल्या, "माझ्या दाराकडे नको हां, भाऊ," आणि बाबांनी आखायला घेतलेला खडू खिशात टाकला. जिकडे तोंड करावं तिकडे कुणाचं तरी घर होतं.

जयवंत दहा दिवसांच्या रजेवर येणार त्या सकाळी बाबांनी तोफ काढली. चार इंची नळी, लांबलचक, आणि तिचं तोंड थेट आमच्या उंबऱ्याला टेकलेलं.

तो आला. ट्रंक खाली ठेवून बघत राहिला. मग कुणी न सांगता मागच्या दारानं आत शिरला आणि पाटावर बसला. त्याची नजर नळीवरून सरकत दारापर्यंत गेली.

"शैले, बाबांना विचार, तोफ आपल्याच घरावर का?"

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "मग कुणाच्या घरावर धरू, जयवंता?"

जयवंतची नजर चौकातल्या एकेका दारावरून फिरली.

"हुकूम सुटेल तेव्हा समोर हेच दार आहे असं समज," बाबा म्हणाले. "पुढचं तुझं तू ठरव. मी काय तुझ्यासंगती तिथे असणार नाय."

तेवढ्यात आई त्याच्यावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाणी घेऊन बाहेर आली. आतून तिनं हे बोलणं ऐकलंच नव्हतं. ती उंबऱ्यात, तोफेच्या बरोबर तोंडाशी उभी राहिली आणि पोराकडे बघून हसली.

जयवंतनं तोंड ओंजळीत लपवलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बाबा मागच्या दारानं आत गेले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.